पायलटला विचारा

संग्रहालयं मला सगळी ठाऊक आहेत,
बाहेरून.

एक शुक्रवारी बंद, एक सोमवारी,
एक टेकडीवरचं नेमकं जेवायच्या वेळेला;
मोटारसायकल वर चढेपर्यंत कुलूप
आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं
जशी किल्ली मीच गिळली.

सावलीवरून मी त्यांना गुण देतो.
मांडवीकाठच्या निळ्या भिंतीला दहापर्यंत सावली,
मग सीटचा तवा.
जुन्या गोव्यात चर्चमागे भेंडीचं झाड, उत्तम,
पण कावळे.
पिलारला वारा फुकट,
खाली शेतं, पलीकडे जुवारीचं पाणी,
तिथे दोन तास लावले तरी तक्रार नाही.

आत काय आहे ते येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वाचतो.
मूर्ती बघून आलेले हळू चालतात.
हस्तिदंत बघून आलेले किंमत काढतात.
पोरं रुसलेली, तोफेवर बसू दिलं नाही म्हणून.
एकदा एक जोडपं भांडत आत गेलं
आणि हात धरून बाहेर आलं,
कुठल्या वस्तूपाशी मिटलं
ते विचारायचं राहिलं.

सत्तावीस वर्षं. पिवळं मडगार्ड तीनदा बदललं.

मग गुळवणीबाई. मिरजेच्या, चित्रकला शिकवायच्या.
तिकिटं दोन काढलेली,
बहीण गुडघा धरून हॉटेलात राहिली.
"चला सगुणराव, एक वाया कशाला?"
हेल्मेट कुठे ठेवू, मी म्हटलं.
रामनाथ पहारेकरी हसला: ये रे ये,
इतकी वर्षं गेटावर आहेस,
तुलाच एक नंबर चिकटवायला हवा.

आत थंड. माझ्या चपला वाजतात.
बाई एकेका दगडापाशी थांबलेल्या,
मी पुढे सटकलो, सवयीनं दार शोधत,
आणि कोपऱ्यात
मचीला.
काळं लाकूड, लाल गादी, पडद्याला झालर.
पाटीवर लिहिलेलं
कुठल्या घरची, कोण बसायचं,
कुणाच्या लग्नात निघाली.

मी दांडा बघितला.
पुढच्या टोकाला लाकूड गुळगुळीत,
मांजराच्या पाठीसारखं.
मागेही तसंच, पण एका अंगाला जास्त झिजलेलं.
मागचा बुटका असणार.
चढावर सगळा भार त्याच्यावर.
खांद्यावर कापडाची घडी घेत असणार,
ती इथे नाही.
ती कोण ठेवणार.

त्यांनाही मोठी घरं ठाऊक असतील,
बाहेरून.
कुठल्या बाल्कांवाच्या पायरीला दुपारी ऊन नाही,
कुठली मोलकरीण पाण्याबरोबर गूळ देते,
नाच संपायला किती रात्र होते,
आणि आतून हसणं ऐकू आलं की
एकमेकांकडे बघायचं नाही.

"काय बघताय एवढं?" बाई मागून.
पाटी, मी म्हटलं.
त्यांनी पाटी वाचली. मग माझी नजर वाचली.
चष्मा कपाळावर, वही बाहेर,
गादी नाही, झालर नाही,
नुसता दांडा काढला पेन्सिलीनं,
मागचं टोक गडद.

बाहेर मिनीन ओरडला, कितें रे, सायब जालो?
सीटवर ऊन साचलेलं.
बाटलीतलं पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं.
बाई बसल्या, एक हात माझ्या डाव्या खांद्यावर,
सगळे ठेवतात तिथेच.
माझे शर्ट तिथेच आधी विरतात,
बायको ठिगळ आतून लावते.

रायबंदरच्या बांधावर त्या काहीतरी बोलल्या,
वाऱ्यात ऐकू आलं नाही.
उतरताना विचारलं,
उद्या सोमवार, उद्या काय उघडं असतं?
भाडं आधी सांगितलं.
मग म्हटलं, पिलारला नेतो,
काही नाही तर वारा असतो.