कायद्याने मिळालेली उंची

वीब्रेन दोन मीटर चार.
स्वयंपाकघराचं दार एक मीटर अठ्ठ्याहत्तर.
वजाबाकी त्याच्या कपाळावर आहे:
एक ताजी, एक बुजत आलेली,
आणि एक तो जावई म्हणून पहिल्यांदा आत आला तेव्हाची.
सासऱ्यांनी हसत हसत बर्फ आणला होता.

त्याच सासऱ्यांनी नंतर कधीतरी
दारावरच्या तुळईला सायकलची फाटकी ट्यूब ठोकली.
माफी मागायची ती त्यांची रीत.

मी सुतार. मला बोलावलं दार उंच करायला.
घर फ्रीसलंडच्या वरच्या टोकाला,
समुद्राच्या बांधाला इतकं खेटून
की बांधावर मेंढ्या चढल्या
की खिडकीतून आधी त्यांचे खूर दिसतात.

नगरपालिकेतून हिल्क्येबाई आल्या,
रबरी बूट, कानामागे पेन्सिल.
म्हणाल्या, नवं बांधलंत तर दारं उंच हवीत,
ह्याने टोपी घालून जावं एवढी.
जुन्या घराचं वेगळं.
त्याला त्याची उंची कायद्याने मिळालेली असते.
वाढवा खुशाल. कमी बोटभरही करायची नाही.

मोजायचं कुठून, मी विचारलं.
लाकडाच्या खालून की ट्यूबच्या?
बाई ट्यूबकडे बघत राहिल्या.
मग लिहिलं: लाकडाच्या.
रबराबद्दल नियम नाही, म्हणाल्या.

तुळईला करवत लावणं शक्य नव्हतं.
तिच्यावर भिंत, भिंतीवर माळा,
माळ्यावर छप्पर आणि छपरावर
बारा महिने वारा.
वर जागा नाही म्हटल्यावर मी खाली निघालो.

लिनोलियम.
त्याखाली वर्तमानपत्रं, दुधाचे भाव,
कुणा मुलीच्या साखरपुड्याची चार ओळींची बातमी.
त्याखाली फळ्या. फळ्यांखाली लाल फरशी.
फरशीखाली शिंपल्यांचा चुरा, चांगला वीतभर.
आणि त्याखाली पुन्हा फरशी,
पिवळी, दाराच्या बरोबर मधोमध झिजलेली.

फ्राउक्ये गुडघ्यांवर बसून
तो खळगा तळहाताने पुसत राहिली.
लहानपणापासून ऐकलेलं तिने,
की आपले पूर्वज बुटके होते.
बुटकं कुणीच नव्हतं. दारही नव्हतं.
जमीनच वर चढत आली होती,
कुणाला न सांगता.

टेप लावली. दोन मीटर पाच.
ट्यूब धरून दोन मीटर चार.
वीब्रेन खाली उतरला, ताठ उभा राहिला,
केस रबराला टेकले.
काढू का ही, मी विचारलं.
राहू दे, तो म्हणाला.
मग कॉफीचा कप घेऊन
ह्या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून ह्या,
उगाचच, चार वेळा.

हिल्क्येबाईंनी नवा आकडा लिहिला.
म्हटलं, म्हणजे कायद्याने मिळालेली उंची
खरी हीच की काय?
त्या हसल्या. फायलीत एवढं खोल
कुणी जात नाही, म्हणाल्या.

घरी आलो, पण तो चुरा डोक्यातून जाईना.
वीतभर शिंपले कुणी हौसेने ओतत नाही.
कुणीतरी एका हिवाळ्यात
पलंगावरून पाय खाली टाकला असेल
आणि पाय ओला झाला असेल.
मग गाडी जुंपून तो किनाऱ्यावर गेला असेल.
पुढे डोकी आपटतील हे त्याला कळलं नसेल
असं मला वाटत नाही.
डोकं की पाय, एवढाच प्रश्न होता,
आणि त्याने पाय निवडले.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो.
एक पिवळी फरशी उचलली,
वाळूत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत.
गार लागलं.
ओलं, की नुसतं गार,
किती तरी वेळ बोट बाहेर काढून
बघत बसलो.