बोडीचं अर्धं तिकीट

संस्थेच्या वहीत रकाने चार:
तारीख, तपशील, रुपये, पावती.
पाचवा नाही, म्हणून हे इथं लिहितो.

अठ्ठावीस जून. पोत्याचा प्रवास. सतरा रुपये.
ऑडिटच्या साहेबानं त्या ओळीवर पेन टेकवला,
हे काय?
मी म्हटलं, बोडी. एस.टी.नं आणली.

त्याआधी दोन उन्हाळे गेले होते.
पाळीपासून सलंगापर्यंत नुसतं बेशरमचं रान,
लांबून पाहणाऱ्याला फुलं छान दिसायची.
जाळं टाकलं की जाळंच फाटायचं.
धिवर मोहल्ल्यातल्या अकरा बाया
दिवसभर लोकांच्या बांधीत वाकून
संध्याकाळी बोडीत उतरायच्या
कुदळ, सब्बल, कुणाकडे नुसता विळा.
मुळासकट, तुरजा ओरडायची, मुळासकट!
बोटभर दांडा पाळीवर टाकला
तर तो पाळीवरच फुटायचा.
जाळला, तर ओला जळेना,
धुरानं सारं गाव खोकलं
आणि पानठेल्यावर हसणाऱ्यांचे डोळे
पहिल्यांदाच पाणावले.

बोडी साफ झाली.
आणि साफ म्हणजे रिकामी,
हे आम्हाला पाणी पाहून कळलं.
वरून ऊन, खाली गाळ, मधे काहीच नाही.
ठेकेदाराचं बी सोडलं, बगळ्यांनी वेचून खाल्लं.
झिंगर आजा काठावर बसून म्हणाला,
मासा पाण्यात रायते हे कोणी सांगतलं तुमाले?
पाणी त अंगण होय. घर कुठी आहे?
मग त्यानं घराची नावं घेतली:
चिला, चौरा, गाद, परसूड, पोवन, देवधान.
आमच्या पिढीनं त्यातली चार
नुसती ऐकलेलीसुद्धा नव्हती.
कौतिका म्हणाली, माह्या माहेरच्या तलावात आहेत.

तिथून आणलं ते पोतं.
चिखल, मुळ्या, दोन गोगलगायी, एक जळू.
बसच्या पायरीवर पाणी ठिबकलं,
कंडक्टरनं विचारलं, काय होय हे?
बोडी होय, कौतिका म्हणाली.
त मंग बोडीचं तिकीट काढा.
काढतो. अर्धं द्या.
अर्धं कायचं?
तलाव असता त पुरं दिलं असतं भाऊ,
बोडी बाईच होय ना!
अख्खी गाडी हसली,
यंत्रातून कागद कुरकुरत बाहेर आला.

धानाच्या पऱ्ह्यासारखं रोवलं ते,
ओळीत, मागं मागं सरकत.
सगळं काही लागलं नाही.
परसूड म्हशींनी खाल्लं,
देवधान एकाही दांड्यानं तगलं नाही,
त्यासाठी पुन्हा जावं लागेल.
पण चौऱ्याची पांढरी फुलं तरंगली,
आणि दुसऱ्या वर्षी झिंगर आजानं
ओंजळीत धरून दाखवला दाढक,
कुणीच न सोडलेला.
वहीत तो कुठं लिहू? आवक, बिनपावती?

मग तुडुमाचं.
धानाला शेवटचं पाणी की माशाला,
ग्रामसभेत यावरून खुर्च्या सरकल्या,
शेवटी दगडावर चुन्याची रेघ ओढली,
रेघेखालचं पाणी कुणाचंच नाही.
फाल्गुनात एका रात्री कुणीतरी तुडूम उघडलं.
कोणी, ते गावाला ठाऊक आहे.
कौतिका गळ्याइतक्या पाण्यात उतरली,
लुगड्याचं धडपं आणि चिखल कोंबून भोक बुजवलं
आणि सकाळी आठ वाजता
त्याच्याच बांधीत मजुरीला गेली.
काही बोलली नाही. तोही नाही.
रेघ तेवढी दुसऱ्या दिवशी
कुणीतरी पुन्हा ताज्या चुन्यानं ओढलेली.

साहेब म्हणाला, पावती?
मी पानावर चिकटवलेलं तिकीट दाखवलं.
यंत्राची शाई. आकडे उडालेले.
हा कोरा कागद आहे, तो म्हणाला,
आणि सतरा रुपये नामंजूर केले.

कौतिका दाराशी उभी होती,
हाताला अजून गाळाचा वास.
कमरेची पिशवी सोडून
तिनं नाणी मोजली, टेबलावर ठेवली.
मंग लिहा साहेब, म्हणाली,
बोडी माह्या नावानं.