दुसरी किल्ली

रुस्तावीत, पोलाद-कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून
माझं दुकान आहे. एक शटर, एक दिवा,
आणि मेलेल्या गाड्यांचे मेंदू भरलेली फळी.

त्सियालाबाई सोमवारी आल्या.
गाडी शेजारच्या दोन पोरांनी ढकलत आणली,
बाई पुढे, हातात पर्स,
मिरवणुकीच्या पुढे चालावं तशा.
म्हणाल्या, रात्री तीनला बोंबलते.
रोज. कुणी हात लावत नाही, मांजरसुद्धा नाही.
चौथ्या मजल्यावरून ओमारीनं परवा
कलिंगडाची साल फेकली, टपावर अजून बी चिकटलंय.
आणि काल वायपर आपसूक फिरले
कोरड्या काचेवर, नाही नाही म्हणत.

मी पायाखालचा गालिचा उचलला.
पाणी.
पानं अडकलेल्या पन्हळीतून, काचेच्या कडेनं
दोन हिवाळे थेंब थेंब आत येत होतं
आणि नेमकं त्या काळ्या डबीवर टपकत होतं
जिच्याकडे गाडीचं सगळं घरकाम असतं:
कुठलं दार लागलंय, कुठला दिवा राहिलाय,
कोण आलं, कोण गेलं.
पिना हिरव्या पडल्या होत्या,
पितळी भांड्यात ताक कळकावं तशा.

बॅटरीची तार सोडवली, दहाचा पाना, उलटे दोन वेढे,
आणि भोंगा किंचाळला.
बाई दचकल्या. आता वीज कुठून?
त्याच्या पोटात त्याची वेगळी बॅटरी असते, म्हटलं,
चोरानं तार तोडली तरी ओरडता यावं म्हणून.
पण तीच फुगलीय, ओघळलीय.
स्वतःच्या दुखण्यालाच हा दरोडा समजतो.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, माझी सासू अशीच होती.

डबी फळीवर मिळाली, त्याच सालची,
नंबराचं शेवटचं अक्षरही तेच.
ती गाडी पोतीच्या बंदरात उतरली तेव्हाच
पुढून अर्धी होती.
भोंगा मात्र कोरा घेतला, खोक्यातला.
पाच जोड, पाच खटके,
पाचवा नेहमीसारखा हट्टी, बोटाचं साल काढून बसला.
मग लॅपटॉप लावला.
नव्या डबीला किल्ल्यांची ओळख करून द्यावी लागते.
पडद्यावर अक्षरं आली: सर्व किल्ल्या आणा.

किती आहेत?
दोन.
दुसरी?

बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.
शाल्वाकडे. पोझनानला असतो, गोदामात.
चार वर्षं झाली.
जाताना चुकून खिशात राहिली
की त्यानं मुद्दाम ठेवली,
मी कधी विचारलं नाही.

मला सांगणं भाग होतं.
जी किल्ली आज समोर नाही
तिला ही डबी यापुढे ओळखणार नाही.

बाहेरून भंगाराचा ट्रक गेला, शटर थरथरलं.

म्हणजे तो आला तर?
पातं तेच आहे, म्हटलं. दार उघडेल.
आत बसता येईल.
फक्त चालू होणार नाही.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या.
पडदा मंद झाला, मी बोट लावून जागा केला.
पुन्हा मंद झाला.

बसता येईल ना?
हो.
मग करा.

मी किल्ल्यांच्या चौकटीत एक टाकलं.
दिवे दोनदा लुकलुकले, भोंगा हळूच टुक् म्हणाला,
नव्या नोकरासारखा.

पैसे मोजताना थांबल्या.
त्यानं आणली तर शिकवता येईल तिला?
येईल. दहा मिनिटांचं काम.
लिहून द्या.
बिलाच्या पाठीवर लिहून दिलं, तारीख घातली,
सही केली: दुसरी किल्ली, बाकी.

गुरुवारी बाजारात ओमारी भेटला, टोमॅटो निवडत.
तूच का रे तो, म्हणाला, गाडी गप्प करणारा?
माझी रक्तदाबाची गोळी तीनला असते.
आता उठवणार कोण?