पाठीवरची चेन

एकोणऐंशी साली, तोक्योच्या पश्चिमेला,
स्टुडिओमागच्या पत्र्याच्या खोलीत
मी चिझुरु इसोगाईचं माप घेतलं.
छाती, कंबर, मनगट,
डोक्याचा घेर छप्पन्न सेंटिमीटर.
गुदगुल्या होतात, म्हणाली.
वय एकोणीस. निइगाताकडची.
वडील तातामीच्या चटया विणायचे.

पोशाख दोन शिवले.
एक तिचा, जवळून दिसण्यासाठी.
एक तोकुहेईचा. त्याला खांद्यात दोन बोटं जास्त ठेवली,
छातीला स्पंज लावला,
कारण छपरावरून उडी मारायची ती तोकुहेईनं,
लाथ घालायची ती तोकुहेईनं,
आणि शिरस्त्राण काढून, केस झटकून
'कुणाला लागलं नाही ना?' विचारायचं ते तिनं.
दर शुक्रवारी, साडेपाचला,
दोघं मिळून एक बाई होत.
पांढरी पाकोळी.
आया भरवताना म्हणत म्हणे,
हा घास पाकोळीचा.

चिचिबुकडच्या खाणीत सुरुंग उडत तेव्हा
ती माझ्याशेजारी छत्रीखाली असे,
कानांत बोटं, तोंडात बर्फाचा खडा.
पडद्यावर मात्र धुराच्या लोटातून तीच चालत येई.
एकदा ठिणगीनं तोकुहेईची भुवई जळाली.
रडली ती. दिग्दर्शक म्हणाला,
डोळे सुजलेत, आज कॅमेऱ्याकडे बघू नकोस.

जुलैत त्या रेक्झिनच्या आत
माणूस भाकरीसारखा फुगतो. हसू नका.
चेन पाठीवर, मानेपासून माकडहाडापर्यंत,
वर पट्टी, पट्टीला हूक.
अख्खं शहर वाचवणाऱ्या बाईला
लघवीला जायचं तर मी लागे.
हाक मारायची नाही ती.
नुसती यायची, पाठ करून उभी राहायची,
केस एका हातानं वर धरून.
सुई दातांत तशीच ठेवून मी चेन ओढी.
मानेवर घामोळं. त्यावर पावडर थोपटी.

एकोणपन्नास भाग. मग खेळण्यांचा खप उतरला.
शेवटच्या भागात पाकोळीला दक्षिणेकडे पाठवलं,
सगळ्याच पाकोळ्या जातात तशी.

पुढची कामं मला तोंडपाठ आहेत.
सोया सॉसची जाहिरात, फक्त हात.
पोलिसी मालिकेत प्रेत, चार वेळा,
त्यातलं एकदा बुडालेलं.
कुणाची तरी वहिनी, चहा आणणारी.
'अहो, तुम्ही त्या ना...' म्हणणारे वाढत गेले,
काम देणारे आटले.
कडवट बोललेली मी ऐकली नाही कधी.
एकदाच, पिऊन, म्हणाली:
एखादी उडी तरी माझी असायला हवी होती.

तोकुहेई त्र्याण्णवला गेला, यकृतानं.
तिनं माझ्याकडे त्याचं शिरस्त्राण मागितलं.
आत अजून त्याच्या तेलाचा वास.
मांडीवर घेऊन बसली दुपारभर,
विकत घ्यायचं की नाही हे न ठरलेल्या
कलिंगडासारखं.

आता ओतारूला, बंदरावरच्या चढावर, तिची खानावळ आहे.
सहा स्टुलं. भिंतीवर एकही फोटो नाही.
मार्चमध्ये गेले मी. रस्त्यात वितळत्या बर्फाचं काळं पाणी.
पन्नाशीचा एक ट्रकवाला जेवून उठला,
पैसे देताना थबकला, टोपी काढली,
आणि एक शब्द न बोलता
डावा हात छातीशी आडवा, उजवा आभाळाकडे.
तिनं कढई खाली ठेवली.
उजवा खांदा गोठलाय तिचा,
हात जेमतेम कानापर्यंत गेला.
तेवढा पुरला त्याला.
गेला तो, दार अर्धंच लावून.
गार वारा आत येत राहिला. कुणी उठलं नाही.

मग भांडी झाली, बाहेरचा दिवा मालवला.
अ‍ॅप्रनची गाठ मागे ओली होऊन आवळलेली,
तिचा हात पोचेना.
ती काही म्हणाली नाही.
माझ्याकडे पाठ केली,
पांढरे केस डाव्या हातानं वर धरले.

मी चष्मा नाही शोधला.