खट्ट

सालोच्या कारखान्यात माझं काम ऐकण्याचं होतं.
पट्ट्यावरून फोन यायचा, मी अंगठ्यानं पडदा सरकवायचे,
खालून कळफलक बाहेर यायचा, आणि
खट्ट.
बस्स. एवढ्याचाच पगार.
मोजायला यंत्रं होतीच, तरी
ओइलीचा कान बरा, असं हेइमो म्हणायचा,
जो कुणाचंच कौतुक करत नसे, स्वतःच्या बायकोचंही.

चांगला खट्ट कोरडा असतो.
बर्फावर पाऊल पडतं तसा नाही, ते कुरकुरतं;
लाकडी डब्याचं झाकण नीट बसावं, तसा.
ज्याचा आवाज जरा रेंगाळला,
ज्याच्या शेपटाला बारीकशी शीळ लागली,
त्याच्या पाठीवर मी लाल टिकली लावायचे
आणि तो बाजूच्या ट्रेमध्ये.

स्मार्ट म्हणायचे त्याला. कसला स्मार्ट!
उपग्रह शोधायला सात मिनिटं लावायचा,
तोवर आम्ही कुणाला तरी रस्ता विचारून
पोचलेलो असायचो.
एक पान उघडेपर्यंत कॉफी उतू जायची.
मध्येच गोठला, की नखानं पाठ उघडायची,
बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत घालायची,
आणि हा काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं
जागा व्हायचा.
रागावलेल्या माणसाचं असं करता आलं असतं
तर माझं नि राउनोचं अजून टिकलं असतं.

मग एका वर्षी पट्टा थांबला.
आम्हाला केक दिला. सुरी आणायला विसरले.
हेइमोनं स्टीलच्या पट्टीनं कापला,
सगळे तुकडे सारखे, मिलिमीटरला मिलिमीटर.

आता माझ्याकडे आहे तो साइलानं आणलाय, तुर्कूहून.
फट नाही, खाच नाही, नख कुठे अडकत नाही;
नदीनं घासलेला गोटा.
न विचारता मागच्या उन्हाळ्याचे फोटो दाखवतो,
किती पावलं चालले ते सांगतो,
जशी काही मी त्याच्यासाठी चालले.
वाईट नाही तो. नातवाचा चेहरा
त्याच्यात इतका स्वच्छ दिसतो की पुसायला हात जातो.
फक्त जानेवारीत, बसथांब्यावर,
मी कोण ते त्याला पटवायला
गळपट्टा हनुवटीखाली ओढावा लागतो
आणि हातमोजा दातांनी काढावा लागतो.
जुन्याला मी हातमोज्यासकट चालायचे.

परवा गुरुवारी, संध्याकाळच्या बाजारात,
एक पोरगा जुनंपानं मांडून बसला होता,
स्केट्स, कॉफीचे डबे, एका पायाचा मोजा.
त्यात तो. चार युरो.
‘चालतो,’ पोरगा म्हणाला, ‘इंटरनेटचं मात्र विचारू नका.’
म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं: चावत नाही.
चार-पाच कळांवरची अक्षरं पार पुसलेली.
कुणीतरी कुणाला तरी
फार वेळा तेच उत्तर दिलेलं.

मी अंगठा ठेवला. अंगठा विसरला नव्हता.
खट्ट,
आणि शेपटाला बारीकशी शीळ.

हा तर नापास!
कुणी सोडला? शुक्रवारची पाळी? मेर्वी?
की मीच, त्या आठवड्यात,
राउनो बॅगा घेऊन गेला तेव्हा,
कान जागेवर नसताना?

आणि बघा, सतरा वर्षं.
शीळ घालत उघडला, शीळ घालत मिटला
कुणाच्या तरी खिशात,
माझ्या टिकलीवाचून काही अडलं नाही.
बाजूच्या ट्रेमध्ये किती गेले असतील,
मी कधी मोजले नाहीत.

‘बिघाड आहे का काही?’ पोरगा विचारत होता.
‘आहे,’ मी म्हटलं, आणि घेतला.
पैसे नव्या फोनमधून गेले,
काहीच आवाज न होता.