सुगतच्या यादीवर, लाल पेनाने

सुगत, तुझी यादी वाचली.
दहा इंची दुर्बीण सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित,
माउंट तळाशी, आणि पुढे कंसात "जमलं तर".
उलटी कर ती यादी, बाप्पा.

घाटंजीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मी एक्स-रे काढले.
मशीन जुनं, टेबल एका पायानं लंगडं,
तरी फिल्म साफ निघायची,
कारण माणूस हलायचा नाही.
"श्वास घ्या. थांबवा. हलू नका."
आभाळाला असं दटावता येत नाही.
ते सरकतच राहतं,
आपण त्याच्या चालीनं सरकायचं.
म्हणून अर्ध्याहून जास्त पैसा माउंटला घाल.
कंपनी म्हणते पाच किलो पेलतं,
तू अडीचच ठेव.
भरल्या गाडीला बैल पाय ओढतो, तसंच हे.

ध्रुव आपल्याकडे फार उंच नाही:
हात लांब कर, वीत उघड,
करंगळी क्षितिजाला टेकव,
अंगठ्याच्या टोकाशी तो सापडेल, मंद, एकटा.
माउंटचा आस तिकडे.
याला अर्धा तास गेला तरी जाऊ दे.
आपली काळी माती रात्रीतून दबते,
तिपाईच्या पायांखाली फरशीचे तीन तुकडे ठेव.
(हे कुठल्याच कॅटलॉगात नाही.
माझ्या चार रात्री गेल्या त्यात.)

दुर्बीण आत्ता नकोच.
देवयानी वाटते त्याहून रुंद आहे,
सहा चंद्र ओळीनं मांड, तेवढी.
तुझ्या दहा इंचीत तिचं नुसतं पोट मावेल.
एकशेपस्तीसची जुनी लेन्स पुष्कळ झाली.
कॅमेरा मिथुन बोरकुटेकडे बघ,
लग्नं काढून काढून त्याचं शटर खडखडतं,
ते चालेल.
लेन्समध्ये बुरशी असली तर मात्र उठून ये,
चहाही पिऊ नको.

फोकस लुब्धकावर लाव, मोबाइलच्या भरवशावर नाही.
वीज फवारणी पंपाच्या बॅटरीवर, बारा व्होल्ट, रात्रभर पुरते.
मार्गशीर्षात तीनच्या सुमाराला काचेवर दव बसतं,
लेन्सला जुन्या मोज्याची कड चढव,
आत रेझिस्टन्सची माळ, कोमट, गरम नको.
वैशाखात सेन्सर तापतो, माझ्यासारखाच.
तेव्हा झोप काढ.

उजेड लाल हवा.
डार्करूमचा बल्ब मी निवृत्तीच्या दिवशी मागून घेतला,
लोकांनी शाल दिली होती, ती कुठे आहे आठवत नाही.
पलीकडच्या वावरात उईके जागलीला असतो,
रोही आले की टॉर्च मारतो थेट आपल्या फोटोत.
त्याच्याशी भांडू नको, तुरीला राखण लागतेच.
यादीत थर्मास लिही. मोठा.

एका फोटोत काही दिसणार नाही.
दोन मिनिटांचे साठ काढ.
मग टोपण लावून वीस, नुसत्या अंधाराचे,
तेवढ्याच थंडीत, तेवढ्याच वेळाचे.
अंधार वजा करायला अंधारच लागतो.
मग एकावर एक रच.

आता एक गोष्ट, जी यादीत बसत नाही.
एकतीस वर्षं फिल्मवर धूसर पांढरा डाग उमटला
की माझ्या पोटात गोळा यायचा.
बाहेर बाकावर तो माणूस शर्टाची बटणं लावत असायचा,
"निघाला ना चांगला, बाई?"
मी म्हणायची, डॉक्टर सांगतील.
आणि आता मृगाच्या बाणाखाली
मी तसाच डाग शोधते, कडाक्याच्या थंडीत,
सापडला की वावरात एकटीच हसते.
उईके म्हणतो, "बाई, काऊन हासून राह्यल्या?"
त्याला दाखवला एकदा.
बराच वेळ बघून म्हणाला, "धुकं हाय."
बरोबरच आहे की.

तर यादी पुन्हा लिहून पाठव.
दहा इंची खोडू नको, मागच्या पानावर घे.
अमावास्येला ये,
आणि येताना फरशीचे तुकडे आण,
माझे बंडूनं न्हाणीत बसवले.