रुमालाखाली

आठ महिन्यांनी यार्डात आलो.
रिक्षातून उतरताना उजवा पाय मागे राहिला.
शालन म्हणाली, घाई नाही.
तिला कसं सांगू, सौदे अकराला सुरू होतात.

सगळे भेटले. सगळे मोठ्यानं बोलले,
झटका जणू कानाला आला होता.
"जेवतात का नीट?" पारिसनं विचारलं,
मला नाही, शालनला.
मी ढिगातलं एक हळकुंड उचललं डाव्या हातानं,
दाताखाली मोडलं
आणि म्हणालो, "चावी."
म्हणायचं होतं, ओल आहे अजून.
कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

तरण्या वयात हरिपूरच्या पेवांत उतरायचो.
तोंड उघडून आधी दिवसभर थांबायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा आत.
विझला तर वर ओढायचा, उद्या बघू.
माल शाबूत असतो खाली,
वर्षानुवर्षं तसाच, पिवळाधमक.
हे त्या दवाखान्यातल्या बाईंना सांगायचं होतं.
त्या चित्रं दाखवायच्या: छत्री, कप, मांजर,
आणि मी कंदील सोडत बसायचो.

दस्तगीर आला शेवटी, पाठीवरचं पोतं टाकून.
मोठ्यानं नाही बोलला. बोललाच नाही.
खांद्यावरचा पंचा काढला
आणि त्याखाली माझा उजवा हात घेतला,
ज्यानं चाळीस वर्षं भाव ठरवले
कुणाला दिसू न देता.
दोन बोटं दाबली त्यानं.
दोन चहा. मला कळलं.
बोटांना नाही कळलं, ती पडून राहिली.
तो थांबला,
पेवाच्या तोंडाशी थांबतात तसा.

मग मी डावा हात आत सरकवला,
त्याचं एकच बोट घट्ट धरलं.
एक. अर्धा अर्धा.
"आरं, आजारी माणूस हाय म्हणं!" दस्तगीर ओरडला,
"ह्यो तर पयल्यापेक्षा चिक्कट!"
तेव्हा हसले सगळे, पारिससुद्धा.
शालन तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती.

आता बोली उघड्यावर लागते.
रुमालाखालचा भाव म्हाताऱ्यांच्या चेष्टेपुरता उरलाय.
मला ठाऊक आहे.

चहा आला. बशी डाव्या हातात डुचमळली,
शर्टावर सांडला थोडा,
कुणी पुसायला धावलं नाही.
"चावी," मी म्हणालो.
"व्हय, साखर कमीच हाय," दस्तगीर म्हणाला.

साखर बरोबर होती.
मी दुसरा घोट घेतला.